किरणोपचारासोबत हार्मोनची इंजेक्शने कशासाठी?

प्रश्न : वडिलांचा प्रोस्टेटचा कर्करोग दूरवर पसरलेला नाही, तरी डॉक्टर त्याला ‘जास्त जोखमीचा’ म्हणतात. किरणोपचार होणारच असतील, तर दोन-तीन वर्षे हार्मोन उपचार कशाला? नवी ‘टार्गेटेड’ औषधेही घ्यावीत का?

उत्तर : किरणे कर्कपेशींमधील डीएनए तोडतात, परंतु या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या बळावर केवळ वाढतच नाहीत, तर ही मोडतोड काही अंशी दुरुस्तही करतात. म्हणून हार्मोन उपचाराने ते रोखले की किरणांचा परिणाम वाढतो, आणि किरणे पोहोचत नाहीत अशा ठिकाणी दडलेल्या पेशींनाही आळा बसतो. जास्त जोखमीच्या रोगात हा उपचार साधारण १८ ते ३६ महिने, मध्यम जोखमीच्या प्रतिकूल प्रकारात ४ ते ६ महिने देतात. कमी जोखमीत तो सहसा लागत नाही.

लसिकाग्रंथी बाधित असल्यास किंवा जोखीम फारच जास्त असल्यास जोडीला दोन वर्षे ॲबिराटेरॉन हे शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होणे रोखणारे औषध दिल्याने आयुर्मान वाढते, असे ‘स्टॅम्पीड’ या रुग्णांवरील मोठ्या चाचणीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. मात्र त्यासोबत स्टेरॉइड घ्यावे लागते आणि रक्तदाब, पोटॅशियम व यकृत वारंवार तपासावे लागते. ओलापॅरिबसारखी ‘टार्गेटेड’ औषधे मुख्यतः बीआरसीए या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत दोष असलेल्या, पसरलेल्या रोगासाठी आहेत. किरणोपचारासोबत त्यांचा वापर अजून संशोधनाच्या टप्प्यावर असल्याने, चाचणीबाहेर त्यांचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे.

अंगाची लाही होणे, थकवा, कामेच्छा घटणे, हाडे ठिसूळ होणे हे हार्मोन उपचाराचे त्रास खरेच जाचक असतात. वडिलांना हृदयविकार वा मधुमेह असल्यास उपचाराचा कालावधी ठरण्यापूर्वीच तसे डॉक्टरांना सांगावे आणि हाडांची घनता तपासून घ्यावी.