पुनर्विकासाच्या सभेत टेबलावर पिस्तूल: परवाना आहे म्हणून चालतं का?

प्रश्न: मी कोथरूडमधल्या 28 सदनिकांच्या जुन्या सोसायटीची सचिव आहे. गेल्या महिन्यात पुनर्विकासाची विशेष सर्वसाधारण सभा झाली. आमचे एक सभासद प्लॉटिंगचा व्यवसाय करतात. त्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. सभेत त्यांनी ते कमरेचं काढून होल्स्टरसकट टेबलावर ठेवलं, ‘बसताना टोचतंय’ म्हणाले. एका ज्येष्ठ सभासदांनी विरोधात बोलायला सुरुवात केली तेव्हा पिस्तुलावर हात ठेवून ‘काका, विचार करून बोला’ असं म्हणाले. पुढे कोणी बोललंच नाही. सगळं व्हिडिओत आहे. आता विकसक निवडीची सभा आहे आणि त्यांना स्वतःच्या ओळखीचा बिल्डर हवा आहे. काही सभासद म्हणतात, परवाना आहे म्हणजे तो त्यांचा हक्क आहे. एकांचा मुलगा टेक्सासमध्ये आहे, ते म्हणतात तिकडे लोक असेच फिरतात. आम्ही काय करू शकतो?

उत्तर: ताई, आधी तो ‘हक्क’ बाजूला ठेवू. भारतात बंदूक बाळगणं हा कुणाचाच मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम 1959 खाली मिळते ती परवानगी. ती अटींवर आणि ठरावीक मुदतीसाठी असते, आणि काढूनही घेता येते. उलट राज्यघटनेच्या कलम 19(1)(ख) ने नागरिकांना जो हक्क दिला आहे तो शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा. तुमची सभा हेच ते जमणं आहे. त्या हॉलमध्ये घटनेच्या बाजूने कुणी बसलं असेल, तर ते बोलायला उठलेले काका.

टेक्सासचं म्हणाल, तर तिथे 2021 पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगून फिरता येतं, हे खरं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ब्रुएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, हेही खरं. पण त्याच टेक्सासमध्ये जागेचा मालक दारावर ठरावीक मजकुराची पाटी लावून ‘इथे बंदूक आणायची नाही’ असं सांगू शकतो आणि ते न पाळणं गुन्हा ठरतो. तेव्हा टेक्सासचं उदाहरणही तुमच्या सभासदांच्या फारसं कामाचं नाही.

आता आपल्याकडचा कायदा. स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेला माणूस पिस्तूल घेऊन बाहेर पडू शकतो. पण शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असायला हवं. ते परजायला, दाखवायला मनाई आहे. कमरेचं काढून टेबलावर मांडणं यात कुठेच बसत नाही. नियमभंगासाठी अधिनियमाच्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यांचे वकील काय म्हणतील तेही सांगते. सोसायटीचा हॉल खासगी आहे, सार्वजनिक ठिकाण नाही, असं ते म्हणतील. हा मुद्दा वादाचा आहे, म्हणून सगळी भिस्त नियम 32 वर ठेवू नका. ‘विचार करून बोला’ हे वाक्य पिस्तुलावर हात ठेवून उच्चारलं गेलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खालच्या गुन्हेगारी धाकदपटशासाठी ‘मारून टाकीन’ असे शब्द लागत नाहीत. समोरच्याला घाबरवून त्याच्या हक्काची गोष्ट करू न देण्याचा हेतू कृतीतून दिसला तरी पुरे. काकांना सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क होता, आणि ते गप्प बसले.

पोलीस ठाण्यात बहुधा ‘ही एनसी आहे, नोंद करून देतो’ असं ऐकायला मिळेल. फक्त कलम 351 पाहिलं तर त्यात तथ्य आहे, ते अदखलपात्र (एनसी) आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पण शस्त्र अधिनियमाचं कलम 38 स्पष्ट सांगतं की या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. आणि एकाच प्रकरणात एक गुन्हा दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 174(4) म्हणतं. तक्रार अर्जात ही दोन्ही कलमं लिहाच. तरी गुन्हा नोंदवला नाही तर कलम 173(4) खाली वरिष्ठांकडे लेखी तक्रार आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी, हा मार्ग खुला आहे. आणखी एक गोष्ट, शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 च्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायला एक वर्षाची मुदत आहे. ‘पुनर्विकास पार पडू दे, मग बघू’ म्हणत बसलात तर ती हातची जाईल.

माझ्या मते खरा जोर मात्र दुसऱ्या अर्जावर हवा, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे करायच्या अर्जावर. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17(3) खाली सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज असेल, किंवा परवान्याची अट मोडली असेल, तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. इथे हॉल खासगी की सार्वजनिक हा वाद आड येत नाही, गुन्हा सिद्ध होण्याची वाटही पाहावी लागत नाही. कोथरूडच्या पत्त्यावरचा परवाना असेल तर हा अधिकार पुणे शहर पोलीस आयुक्तांचा. त्यांनी तो पिंपरी-चिंचवडच्या पत्त्यावर घेतला असेल तर तिथल्या आयुक्तांचा, आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागातला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा. माहीत नसेल तर पोलीस ठाण्यातल्या अर्जातच तशी चौकशी मागा. त्यांना नोटीस निघेल, त्यांचं म्हणणं ऐकलं जाईल. ते व्हायलाच हवं. त्यांना खरोखर कुणाकडून धोका असेल तर तो त्यांनी तिथे मांडावा. 28 घरांच्या सभेत तो धोका नव्हता.

पुरावा तुमच्याकडे आहे. मूळ व्हिडिओ ज्या कॅमेऱ्यात किंवा मेमरी कार्डवर आहे ते जपून ठेवा, आणि न्यायालयात प्रत द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल हे व्हिडिओवाल्याला आत्ताच सांगा. मुळशीतल्या जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवल्याची घटना 2023 ची, तिचा व्हिडिओ बाहेर आला जुलै 2024 मध्ये, आणि तेव्हाही गुन्हा दाखल होऊन अटक झालीच. पण तुम्ही तो व्हिडिओ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्याने फक्त भांडण वाढेल. काकांचा आणि आणखी दोघा-तिघांचा जबाब प्रत्येकाच्या शब्दांत, तारखेसह लिहून घ्या. जे बोललं गेलं तेवढंच लिहा. ‘गोळी घालीन म्हणाले’ असं कुणी रागाच्या भरात जोडलं तर व्हिडिओच तुमच्या विरोधात बोलेल. सभेच्या इतिवृत्तातही घटना आहे तशी यायला हवी, विशेषण न लावता.

पुढच्या सभेचं. शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयाप्रमाणे विकसक निवडीच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो, चित्रीकरण होतं, आणि सभासदांशिवाय इतरांना आत प्रवेश नसतो. उपनिबंधक कार्यालयाला आजच पत्र देऊन मागच्या सभेत काय झालं ते कळवा आणि मतदान हात वर करून न घेता चिठ्ठीने घेण्याची विनंती करा. एकूण सभासदांच्या 51 टक्के संमती लागते, आणि भीतीने वर गेलेला हात मी संमती मानत नाही. मागच्या ठरावालाच कुणाला आव्हान द्यायचं असेल तर सहकार न्यायालय आहे, पण बहुसंख्य सभासदांना पुनर्विकास मनापासून हवाच असेल तर त्या वाटेला जाऊ नका, वर्षं जातील.

हॉलमध्ये शस्त्र आणायचं नाही असा ठराव व्यवस्थापक समिती करू शकते का? जागा सोसायटीची आहे, तिच्या वापराचा नियम समिती ठरवू शकते, असं माझं मत. सभेच्या नोटिशीतच ती ओळ छापा, सर्वांना लागू होईल अशी, नाव न घेता. त्यांच्या घरात पिस्तूल ठेवायला किंवा ते घेऊन फाटकातून ये-जा करायला मात्र तुम्ही मनाई करू शकत नाही. तसा ठराव केलात तर तो टिकणार नाही. सभेच्या सुमारास शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचा आदेश लागू आहे का, तेही पोलीस ठाण्यात विचारून घ्या. पुण्यात असे आदेश वेळोवेळी निघतात.

सभेच्या दिवशी ते पिस्तूल घेऊन आलेच तर दारात अडवू नका, हुज्जत घालू नका, हात तर मुळीच लावू नका. अध्यक्षांनी सभा तहकूब करावी, प्राधिकृत अधिकाऱ्याला कारण नोंदवायला सांगावं आणि 112 वर फोन करावा. त्याआधी बंदोबस्तासाठी पोलीस ठाण्याला अर्ज दिलेला असू द्या. सगळे अर्ज समितीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्यांनी द्या. घाबरलेल्या काकांना एकट्याला पुढे करू नका. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्या, आणि एक संच सोसायटीच्या कपाटात न ठेवता तुमच्या घरी ठेवा.