प्लायवूडच्या खुर्चीत एवढं काय आहे?

प्रश्न: चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याच्या प्लायवूडच्या खुर्चीचं एवढं कौतुक का करतात? पाठ वेगळी, बसायची फळी वेगळी, मध्ये मोकळी जागा. मला तर काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं.

उत्तर: अर्धवट म्हणालात ना, गंमत तिथेच आहे! १९४० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फर्निचरची स्पर्धा घेतली, त्यात चार्ल्स आणि त्याचा मित्र ईरो सारिनेन जिंकले, पण त्यांना पाठ आणि बैठक एकाच प्लायवूडमधून वळवायची होती आणि ते काही जमेना. कागदाची सुरळी सहज होते, पण तोच कागद चेंडूवर बसवायला गेलात की चुण्या पडतात, फाटतो. लाकडाचंही तसंच, एका बाजूला वाकतं पण वाटीसारखा आकार मागितला की तडकतं. शेवटी तडे झाकायला वरून गादी आणि कापड चढवलं.

मग चार्ल्स आणि रे लॉस एंजेलिसला गेले आणि घरातच एक जुगाडू मशीन बनवलं, सायकलच्या पंपाने हवा भरून प्लायवूड साच्यावर दाबायचं, नाव ठेवलं 'कझाम'. युद्धात अमेरिकन नेव्हीला जखमी पायांना बांधायला स्प्लिंट हव्या होत्या (धातूच्या स्प्लिंट हादरायच्या आणि जखम अजून वाढायची), त्या यांनी प्लायवूडच्या केल्या, तब्बल दीड लाखाच्या आसपास. त्यात भोकं आणि चिरा ठेवल्या, म्हणजे लाकडावरचा ताण सुटतो आणि पट्टीही त्यातूनच ओवता येते, माझ्या मते ही स्प्लिंट खुर्चीपेक्षाही भारी आहे.

हे सगळं करताना कळलं की लाकडाशी भांडण्यात अर्थ नाही, तर पाठ आणि बैठक सरळ वेगळी करा! १९४६ मध्ये तुम्ही म्हणता ती खुर्ची म्युझियममध्ये मांडली, प्रदर्शनाच्या नावात मात्र फक्त चार्ल्स, रे गायब. एकसंध खुर्ची त्यांना जमली ती १९५० च्या सुमारास, पण तीही फायबरग्लासमध्ये.

आणि हो, खुर्ची मागून बघा, पाठ आणि सांगाडा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे टेकलं की पाठ जराशी मागे लवते. वर्षानुवर्षांनी ते रबर कडक होऊन सुटतं, म्हणून जुनी खुर्ची घेणारे आधी तेच तपासतात.