कायनेसिन खरंच चालतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अ‍ॅनिमेशनमध्ये कायनेसिन (पेशीत माल वाहून नेणारं प्रथिन) दोरीवरून भलामोठा फुगा ओढत ऐटीत चालतं ते खरं का, त्याला दिशा कशी कळते, आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) संपलं तर ते खाली पडतं का.

पावलं अगदी खरी आहेत. ती दोरी म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, 25 नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. ट्युब्युलिन प्रथिनाच्या जोड्या एकापुढे एक रचून ती तयार होते आणि एक जोडी 8 नॅनोमीटर लांब असते. कायनेसिनचं पाऊलही 8 नॅनोमीटरचंच. 1993 साली कायनेसिनला जोडलेला मणी लेसरच्या चिमट्यात धरून ते मोजलं गेलं. पुढे 2004 मध्ये एकाच पायाला चमकणारा रेणू चिकटवून पाहिलं, तर तो पाय एकदम 16 नॅनोमीटरच्या आसपास पुढे जायचा आणि मग दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबायचा. म्हणजे ते अळीसारखं सरपटत नाही, आपल्यासारखा एक पाय दुसऱ्याच्या पुढे टाकतं.

ऐट मात्र खरी नाही, आणि मला वाटतं खरी गंमत अ‍ॅनिमेशनमधून नेमकी इथेच निसटते. त्या आकारमानावर पाण्याचे रेणू चहूबाजूंनी सतत आदळत असतात. जडत्वाचा तिथे काही उपयोग नाही. आपली गाडी इंजिन बंद केल्यावरही थोडी पुढे जाते, तिथे मात्र ढकलणं थांबलं की त्याच क्षणी सगळं थांबतं. अशा धुमश्चक्रीत कायनेसिन चालतं ते त्याच धक्क्यांच्या जोरावर. नळीला धरलेल्या पुढच्या पायात एटीपी येऊन बसलं की त्याच्या मानेचा छोटासा पट्टा पुढच्या बाजूला घट्ट चिकटतो. त्याने मागचा पाय पुढच्या अंगाला येतो. पण तिथून पुढे तो सुटा पाय नुसता धक्के खात भिरभिरत असतो आणि भिरभिरताना पुढची जागा सापडली की पकडतो. एटीपीची ऊर्जा खर्च होते ती मुख्यतः त्याला मागे फिरू न देण्यासाठी. दर पावलाला एक एटीपी, सेकंदाला साधारण शंभर पावलं.

दिशा कायनेसिनला कळत नाही, ती नळीतच असते. ट्युब्युलिनच्या सगळ्या जोड्या एकाच दिशेला तोंड करून बसतात, त्यामुळे नळीची दोन टोकं वेगळी असतात. त्यांना धन आणि ऋण म्हणतात. बहुतेक कायनेसिनं धन टोकाकडे जातात, डायनिन हे दुसरं चालणारं प्रथिन ऋण टोकाकडे. चेतापेशीच्या अक्षतंतूत, म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या लांब धाग्यात, धन टोकं पेशीच्या मुख्य भागापासून दूर असतात, म्हणून माल बाहेर नेतं कायनेसिन आणि परत आणतं डायनिन. ही सोय नसती तर? विसरणाला, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. मीटरभर लांबीच्या तंतूत एखादं प्रथिन नुसतं तरंगत शेवटापर्यंत पोचायला शेकडो वर्षं लागली असती. कायनेसिनच्या वेगाने दोन आठवडे पुरतात. एकटं कायनेसिन शंभरेक पावलांनंतर सुटून जातं, म्हणून एकाच ओझ्याला अनेक जण जुंपलेले असतात.

आता एटीपीचं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काचेवर कायनेसिन पसरायचं, पाय वर राहतील असं. त्यावर चमकत्या मायक्रोट्यूब्यूल सोडायच्या. एटीपी घातलं की काळ्या पडद्यावर त्या प्रकाशाच्या काड्या सरकू लागतात, वळतात, एकमेकींना ओलांडून जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नोंदी करायचंच विसरलो होतो. एटीपी संपत आलं की त्या मंदावतात आणि मग जागच्या जागी थांबतात. वाहून मात्र जात नाहीत. कायनेसिनची पकड एटीपीशिवाय सर्वांत घट्ट असते, सुटण्यासाठीच त्याला एटीपी लागतं. मृत्यूनंतर शरीर ताठरतं तेही असंच: स्नायूंतल्या मायोसिन या प्रथिनाला त्याने पकडलेलं दुसरं प्रथिन अ‍ॅक्टिन सोडायला एटीपी उरलेलं नसतं.