24 तासांची लेन

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्याबद्दल वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. औषध दिल्यावर दोन तासांत फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे पेशीला वाढायला सांगणाऱ्या ईआरके प्रथिनाच्या चालू रूपाचा, ब्लॉटवरचा बँड (पट्टा) नाहीसा होतो, 24 तासांनी तो परत उमटतो, गाईड म्हणतात पेपरमध्ये दोन तासांचंच पॅनल घालू, आणि तू मला विचारतेस, विषय बदलू का? अगं, विषय तर आत्ता कुठे हाती लागलाय.

ती 24 तासांची लेन, ब्लॉटवरचा त्या वेळेच्या नमुन्याचा उभा रकाना, कापू नकोस. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

पेशीतला संदेशमार्ग म्हणजे काही नळ नव्हे, चावी फिरवली की धार बंद. ईआरके एरवी वरच्या रिसेप्टरांनाही, पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचे संदेश घेणाऱ्या प्रथिनांनाही, दाबून ठेवत असतो. तू त्याला गप्प केलंस की तो दाब उठतो, रिसेप्टर जागे होतात आणि संदेश दुसऱ्या वाटेने वाहू लागतो. परीक्षेत विचारलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतंस. स्वतःच्या जेलवर तेच दिसलं तर मात्र ‘औषध चालत नाही’!

व्हेमुराफेनिब हे कॅन्सरचं औषध आठव. ते बी-रॅफला, याच मार्गातल्या ईआरकेच्या वरच्या प्रथिनाला, अडवतं. बी-रॅफमध्ये व्ही600ई नावाचा बदल असलेल्या मेलॅनोमात (त्वचेच्या एका कॅन्सरात) 2011 च्या मोठ्या चाचणीत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसल्या. तोच बदल, तेच औषध, फक्त गाठ मोठ्या आतड्याची, तर 21 रुग्णांत एकालाच तसा गुण आला. 2012 मध्ये उलगडा झाला: आतड्याच्या या पेशींत बी-रॅफ अडवला की ईजीएफआर हा रिसेप्टर उसळतो. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळात फारसा नसतोच, म्हणून तिथे औषधाचं फावलं. मग दोघांनाही एकदम अडवायचं ठरलं, आणि 2020 मध्ये एन्कोराफेनिब (बी-रॅफसाठी) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआरसाठी) ही जोडी अमेरिकेत अशा रुग्णांसाठी मंजूर झाली. परत उमटलेला बँड कुणीतरी कापून टाकला नाही, त्याच्याकडे बघत बसलं. बघत बसणं हेही आपल्या कामातलं काम आहे, फक्त त्याची प्रगती अहवालात नोंद होत नाही.

हे मी तावातावाने सांगतेय, कारण मी ती लेन कापलेली आहे. पोस्टडॉकला होते, वेगळा काइनेज (ईआरकेसारखंच संदेश पुढे देणारं एन्झाइम), वेगळं संयुग. दोन तासांचा ब्लॉट इतका स्वच्छ की ग्रुप मीटिंगमध्ये लोक खुर्च्या पुढे सरकवून बघत होते. 24 तासांच्या लेनमध्ये बँड परत आला होता, आधीपेक्षा जाड. मी वहीत लिहिलं, ‘औषध विघटित झालं असावं, पुन्हा करणे’. पुन्हा केलं नाही. ती फिल्म अजून त्या पानावर आहे. सेलोटेप पिवळी पडलीये, बँड मात्र ठसठशीत. काही वर्षांनी दुसऱ्या एका ग्रुपने त्या परत येणाऱ्या बँडवरच पेपर केला.

खोटं मी काहीच छापलं नाही, एवढं लक्षात घे. दोन तासांचा निकाल खराच होता, आजही कुणी केला तर तोच येईल. करार संपायला चार महिने उरले होते, आणि तेव्हा सगळेच लवकरच्या वेळा दाखवत... बघ, सुरू झालं माझं! इतकी वर्षं हे मी स्वतःला ऐकवत आलेय आणि अजून पटलेलं नाही. तू असली वाक्यं आत्तापासून पाठ करू नकोस.

आता कामाचं. बँड खरंच परत येतोय हे आधी पक्कं कर. बाराव्या तासाला पेशी ज्यात वाढतात ते माध्यम बदलून ताजं औषध घाल. तरीही 24 ला बँड आला, तर दोष औषधाचा नाही, पेशीने वाट काढलीये. नुसत्या डीएमएसओचा, म्हणजे औषध ज्यात विरघळवतेस त्या द्रावकाचा, कंट्रोल प्रत्येक वेळेचा हवा, फक्त शून्य तासाचा नको; दिवसभरात प्लेट भरते, सीरममधले घटक संपतात आणि फॉस्फो-ईआरके आपोआप हलतो. टोटल ईआरके, चालू-बंद सगळा मिळून, त्याच नमुन्यांतून चालव. मायकोप्लाझ्माची, वाढवलेल्या पेशींत गुपचूप शिरणाऱ्या जिवाणूची, टेस्ट कधी केली होतीस? मला माहीत होतं. ती आधी कर. मग रिसेप्टरांकडे वळ, ईजीएफआरपासून सुरुवात कर, पण त्याच्यावरच अडून बसू नकोस. तुझ्या सेल लाइनमध्ये दुसराच कुणी निघायचा.

गाईडशी वाद घालू नकोस. ते वाईट नाहीत, घाईत आहेत. मीही तेव्हा घाईतच होते. 2, 4, 8, 24, 48 अशा पाच लेन, शेजारी प्रत्येकीचा कंट्रोल, एकाच जेलवर चालवून त्यांच्या टेबलावर ठेव आणि गप्प उभी राहा.

मलाही पाठव. कापून, उजळवून नको. कडेच्या डागांसकट अख्खा ब्लॉट पाठव.