कॅलिब्रेशनचा अनुभव घेऊन जर्मनीला येताय, तर

तुम्ही विचारलंय की डिप्लोमा करून केमिकल प्लांटमध्ये इतकी वर्षं कॅलिब्रेशन (मोजमापाची उपकरणं अचूक प्रमाणाशी ताडून पाहण्याचं काम) केलं, अलीकडे नवीन पोरंही तयार करताय, तर जर्मनीत हेच काम मिळेल का आणि तयारी काय करावी. मिळेल. फक्त बायोडेटातली उपकरणांची लांबलचक यादी छोटी करा. मी इथे मुलाखती दिल्या आणि आता घेतोही. त्यात मुख्य प्रश्न एकच असतो: हा आकडा तुम्ही कशाच्या आधारावर खरा मानता?

म्हणून अनुभवाचं पत्र आधी नीट करून घ्या. ‘कॅलिब्रेशनची कामं पाहिली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. प्रेशर की टेंपरेचर, रेंज किती, मास्टर (ज्याच्याशी ताडून पाहता ते प्रमाण उपकरण) कोणता, अनसर्टन्टी म्हणजे मापातली अनिश्चितता किती, त्या अनिश्चिततेच्या घटकांचा हिशेब, म्हणजे अनसर्टन्टी बजेट, तुम्ही स्वतः मांडलं का, हे त्यात यायला हवं. लॅबला एनएबीएलची (भारतात लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असेल तर तसं ठळक लिहा. इथे मान्यता देणारी संस्था डाक्स. दोन्ही संस्था आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता करारात आहेत आणि आयएसओ/आयईसी 17025 हे लॅबच्या क्षमतेचं मानकही तेच. त्यामुळे तुमच्या कामाची पद्धत इथल्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही.

तरीही आल्या आल्या कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटवर सहीचा अधिकार मिळणार नाही. त्या मानकाप्रमाणे प्रत्येक पद्धतीसाठी माणसाची क्षमता लॅबने स्वतः तपासायची असते आणि मगच त्याला अधिकृत करायचं असतं. सुरुवातीला तुमच्या शेजारी कोणी उभं राहून तुमचं काम बघेल. वाईट वाटून घेऊ नका, हे सगळ्यांनाच लागू आहे.

आता सवयींबद्दल. ट्रिमला (उपकरण दुरुस्त करायच्या अ‍ॅडजस्टमेंटला) हात लावण्याआधी जसं आहे तसं रीडिंग घ्यायचं, हे तुमच्या अंगवळणी पडलेलं हवं. समजा, 0 ते 10 बारचा, दाबाचं 4 ते 20 मिलिअँपिअर करंटमध्ये रूपांतर करणारा ट्रान्समीटर आहे आणि 5 बारला 12 ऐवजी 12.08 मिलिअँपिअर देतोय. स्पॅन, म्हणजे 4 ते 20 मधलं अंतर, 16 मिलिअँपिअर, म्हणजे चूक 0.5 टक्के. टॉलरन्स (चालणारी चूक) 0.25 टक्के असेल तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या ट्रान्समीटरच्या भरवशावर बनलेल्या मालाचा विचार करावा लागतो. आधीच ट्रिम करून मोकळे झालात तर ही माहिती कायमची गेली. घाईच्या शटडाऊनमध्ये हेच सर्रास होतं आणि मला ते अजिबात पटत नाही.

डेड वेट टेस्टर (वजनं ठेवून ठराविक दाब तयार करणारं उपकरण) वापरत असाल तर गुरुत्वाकर्षणाची दुरुस्ती पक्की समजून घ्या. विषुववृत्तावर ते साधारण 9.780 आणि ध्रुवावर 9.832 मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. तीच वजनं उत्तरेकडे आणली की तयार होणारा दाब वाढतो, आणि चांगल्या टेस्टरच्या अचूकतेपुढे हा फरक मोठा आहे. मुलाखतीत हे आपणहून बोललात तर समोरचा कान टवकारतो.

शिकवण्याबद्दल तुम्ही जास्त उत्सुक दिसता, तर तेही सांगतो. कंपनीतल्या टेक्निशियनांना शिकवायला वेगळ्या परवान्याची गरज नाही, पण शिकाऊ उमेदवारांची जबाबदारी घ्यायची तर सहसा आउसबिल्डरची, म्हणजे प्रशिक्षकाची, परीक्षा द्यावी लागते. त्यात लेखी भाग असतो आणि प्रात्यक्षिकही. सगळं जर्मनमध्ये, म्हणून बी2 पातळीचं लक्ष्य ठेवा. शिकवताना भाषेची खरी गरज व्याख्या सांगायला लागत नाही, पोराचं कुठे अडलंय ते ऐकून ओळखायला लागते. मी पीटी100 (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) दोन वायरींवर जोडून बर्फाच्या बाथमध्ये ठेवतो. 100 ओहम यायला हवेत, येतात 101. 0.385 ओहमला एक अंश, म्हणजे चूक जवळजवळ 2.6 अंश. बहुतेक जण सेन्सरलाच दोष देतात. वायरच्या रेझिस्टन्सवर ज्याचा त्याने यावं, तोवर मी गप्प बसतो. चार वायरी जोडल्यावर 100 दिसले की पुढचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

डिप्लोमाची तुलना इथे बहुतेक व्यावसायिक शिक्षणाशी होते. औद्योगिक कामांसाठी अर्ज न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसाकडे (परदेशी व्यावसायिक शिक्षणाची तुलना करणारं केंद्र) करतात. अभ्यासक्रमाचे तपशील आणि भाषांतरं जमवायला वेळ लागतो, तेव्हा नोकरी शोधण्याआधीच सुरुवात करा. अनुभवपत्राचा मसुदा झाला की पाठवा, काय कमी आहे ते बघून सांगतो.