एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) सगळेच्या सगळे सामने जिंकून अख्खा सीझन कोणी जिंकलाय का?

हो, पण एकाच संघाने: 1972 चा मायामी डॉल्फिन्स. साखळीत 14 पैकी 14, मग प्लेऑफचे (बाद फेरीचे) दोन आणि वर सुपर बोल म्हणजे फायनल, एकूण 17-0. प्रशिक्षक डॉन शुला. गंमत म्हणजे पाचव्याच सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) बॉब ग्रीसीचा पाय मोडला आणि 38 वर्षांच्या अर्ल मोरालने गाडा ओढला.

फायनलमध्ये 14-0 अशी आघाडी असताना किकर गारो येप्रेमियनची किक अडवली गेली. पठ्ठ्याने चेंडू उचलून पास टाकायला घेतला, तो हातातून निसटला आणि प्रतिस्पर्धी वॉशिंग्टनच्या माइक बासने झेलून थेट टचडाउन केला (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले)! तरी 14-7 ने निभावलं.

2007 च्या सीझनमध्ये पेट्रियट्स हा संघ 18-0 पर्यंत पोचले होते. फायनलला जायंट्सने 17-14 ने माती चारली.