एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा करणं म्हणजे विश्वास कमी असणं का?

भावाची दारू सुटावी म्हणून तुम्ही कितीतरी दिवस रोज प्रार्थना करताय, फरक काही दिसत नाही, आणि मंडळीतल्या कोणीतरी सांगितलं की एकदा मागून झालं की फक्त आभार मानायचे, पुन्हा मागणं म्हणजे अविश्वास. म्हणून तुम्ही विचारताय, आता थांबू का?

थांबू नका. सल्ला चांगल्या मनानेच दिला असेल, पण शुभवर्तमानात त्याला आधार नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तीनदा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळीही शब्द तेच होते, असं मत्तय 26 मध्ये स्पष्ट लिहिलंय. जिथे प्रभूने स्वतः तेच मागणं पुन्हा पित्यापुढे ठेवलं, तिथे तुमच्या मागण्याला अविश्वास कसं म्हणायचं? व्यर्थ बडबड करू नका असंही त्यानेच सांगितलंय, हे खरं. पण तिथे तो बोलतोय ते फार बोललं की देव ऐकतो असं समजणाऱ्यांविषयी.

लूक 18 मधला विधवेचा दाखला सावकाश वाचा. त्यात एक विधवा न्याय मागायला न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा येते. तो न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. पुष्कळ जण त्यातून असा अर्थ काढतात की देवाच्या मागे लकडा लावला की तो कंटाळून देतो. मला हा अर्थ अगदी चुकीचा वाटतो. असा माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, मग रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या लोकांना देव देणार नाही का, असं प्रभू विचारतो. देव त्या न्यायाधीशासारखा नाही, यावरच तर सगळा दाखला उभा आहे. विधवेच्या बाजूने बोलणारं दाखल्यात कोणीही नाही. ती फक्त येत राहते. आणि दाखला संपताना प्रभू विचारतो, मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? म्हणजे ज्याला तो विश्वास म्हणतोय तो त्या बाईच्या येत राहण्यातच आहे. तुमच्या मनाला किती खात्री वाटते हे तिथे कोणी मोजत नाही.

तुमच्या भावाविषयी वाचताना मला मोनिका आठवली, चौथ्या शतकातल्या ऑगस्टीनची आई. हाच ऑगस्टीन पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झाला. मुलगा विश्वासापासून दूर गेला होता आणि ती वर्षानुवर्षं त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत होती. तो आफ्रिकेतून रोमला निघाला तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर विनवणी करत राहिली. तो तिला फसवून त्याच रात्री जहाजाने निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर तिने फोडलेला आक्रोश त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. पण त्याच प्रवासात पुढे मिलानमध्ये त्याला तिथले बिशप अँब्रोज भेटले, आणि 387 साली त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची मागणी देवाने नाकारली. ज्यासाठी ती मुळात रडत होती, ते दिलं.

सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं, असं मी म्हणणार नाही. माझी आई आजारातून उठली नाही. तिच्या उशाशी बसून माझ्या तोंडून ‘प्रभू, दया कर’ एवढंच निघायचं, आणि नंतर एकाने ऐकवलं की घरच्यांचा विश्वास कमी पडला. हे वाक्य दुःखात असलेल्या कोणालाही कधीच बोलू नये. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणून?

आणि विश्वास डळमळला तर तेही प्रार्थनेतच सांगा. मार्क 9 मधला बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एवढ्यावर प्रभूने त्याच्या मुलाला बरं केलं.

रोज लांब प्रार्थना करायची गरज नाही. भावाचं नाव घ्या, आज काय झालं ते सांगा, राग आला असेल तर तोही सांगा. शब्दच सुचत नसतील तेव्हा तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा, ‘हे परमेश्वरा, कोठवर’ इथूनच ते सुरू होतं. सोबत त्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी नेण्याचे प्रयत्नही चालू ठेवा. प्रार्थना आणि डॉक्टर यांच्यात भांडण नाही.

एकट्याने हे ओझं वाहू नका. मंडळीतल्या विश्वासातल्या दोघांना सांगा. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्यांचा विश्वास पाहून प्रभू त्याच्याशी बोलला, असं मार्क 2 मध्ये आहे. तुम्ही थकाल त्या दिवशी तुमच्या वतीने ते मागतील. आजपासून मीही तुमच्या भावासाठी प्रार्थना करतोय.